पिशवी बंद करण्याचं 'छोटं ऑपरेशन': धोका किती, आणि तो मोजायचा कसा?



गेल्या महिन्यात तुमच्यापैकी दोघा-तिघांनी जवळजवळ सारखाच प्रश्न विचारला. "ताई, लिटरेचर रिव्ह्यू करताना एकाच गोष्टीचे दहा पेपरांत दहा वेगळे आकडे सापडतात. सिनॉप्सिसमध्ये कुठला लिहायचा?"

याचे नियम सांगता येतील, पण नियम लक्षात राहत नाहीत. त्यापेक्षा एकच ऑपरेशन घेऊ आणि त्याचा 'धोका' कागदावर कसा उतरतो ते सुरुवातीपासून बघू. ऑपरेशन आहे तात्पुरता स्टोमा बंद करण्याचं. वैद्यकीय शाखेचे नसाल तरी घाबरू नका, लागेल तेवढं इथेच सांगते.

हा विषय निवडण्याचं कारण घरातलं आहे. माझ्या मामाचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि पोटावर तात्पुरता स्टोमा आला. आपल्याकडे सगळे त्याला 'पिशवी'च म्हणतात. पाच महिन्यांनी ती बंद करायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "छोटं ऑपरेशन आहे." रात्री मामीचा फोन आला, "अगं, तू एवढं वाचतेस. खरं सांग, धोका किती आहे?"

मी तेव्हा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होते. अर्ध्या तासात आकडा शोधला आणि मोठ्या आत्मविश्वासानं सांगितला, "शंभरातल्या सतरा जणांना काही ना काही त्रास होतो. जिवाला धोका हजारात चार." आकडा चुकीचा नव्हता. पण मामाला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही, हे मला वर्षभरानं कळलं. का झाला नाही, तेच आज सांगायचं आहे.

आधी स्टोमा कशासाठी, ते समजून घेऊ

गुदाशयाचा रोगट भाग काढल्यावर सर्जन वरचं मोठं आतडं खाली उरलेल्या भागाला जोडतात. हा जोड गुदद्वाराच्या जितका जवळ, तितका तो नीट न भरण्याचा धोका जास्त. जोड गळला तर मळ ओटीपोटात उतरतो, तिथे पू होतो आणि रुग्ण जिवावरच्या संकटात जाऊ शकतो. म्हणून जोड भरेपर्यंत मळाची वाट वळवतात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचं एक वेटोळं पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून उघडतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. याला लूप इलिऑस्टॉमी म्हणतात. पुलाचं काम चालू असताना गाड्या बाजूच्या कच्च्या रस्त्यानं सोडतात ना, तसंच हे.

याचा खरंच उपयोग होतो का? स्वीडनमध्ये २३४ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निकाल २००७ मध्ये आले. कोणाला स्टोमा द्यायचा आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. स्टोमा असलेल्यांत लक्षणं दिसण्याइतपत जोड गळण्याचं प्रमाण १०.३ टक्के होतं, नसलेल्यांत २८ टक्के. फरक मोठा आहे. म्हणजे स्टोमा करण्यामागे ठोस कारण आहे, आणि एकदा केला की तो बंद करण्याचं दुसरं ऑपरेशन ओघानं येतंच.

आपल्याकडे तात्पुरत्या स्टोमाची आणखी एक वाट आहे. टायफॉईडमुळे किंवा क्षयामुळे लहान आतड्याला भोक पडतं, पोटभर पू होतो आणि रुग्ण रात्री-अपरात्री तातडीच्या ऑपरेशनला येतो. अशा सुजलेल्या आतड्याला टाके घालणं धोक्याचं वाटलं, तर सर्जन ते तात्पुरतं बाहेर काढून ठेवतात. सरकारी मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्यांना हे रुग्ण चांगले ओळखीचे असतील. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बंद करताना काय करतात आणि काय बिघडू शकतं

आधी खालचा जोड भरला आहे ना, हे बघतात. त्यासाठी गुदद्वारातून रंगद्रव्य सोडून फोटो काढतात किंवा दुर्बिणीनं तपासतात. मग स्टोमाभोवतीची कातडी गोल कापून आतडं पोटाच्या भिंतीपासून हळूहळू सोडवतात. उघडलेली बाजू शिवतात, किंवा तो तुकडा काढून दोन्ही टोकं हातानं अथवा स्टेपलरनं जोडतात. आतडं पोटात सोडतात, भिंत शिवतात, कातडी बंद करतात. बहुतेकदा नवा मोठा छेद लागत नाही, म्हणून 'छोटं'. तरीही आतड्याला नवा जोड आलाच, आणि आधी एकदा उघडलेल्या पोटात पुन्हा हात घालणं आलंच.

मुख्य धोके चार.

पहिला, आतडं न चालणं. स्टोमाच्या पुढचा आतड्याचा भाग कित्येक महिने रिकामा असतो. न वापरलेला हात प्लॅस्टरमध्ये बारीक होतो, तसं हे आतडं अरुंद आणि सुस्त होतं, त्याचं अस्तरही पातळ होतं. अचानक सगळं काम अंगावर पडलं की ते गोंधळतं. पोट फुगतं, उलट्या होतात, नाकातून राईल्स ट्यूब घालावी लागते आणि सगळं घर 'गॅस पास झाला का?' याची वाट बघत बसतं. याला इलियस म्हणतात. कधी आतडं सुस्त नसतं, खरंच अडलेलं असतं. जोडापाशी सूज येते, किंवा पहिल्या ऑपरेशनमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असतात.

दुसरा, जखमेत पू होणं. स्टोमाच्या जागेवर महिनोन्महिने मळाचा संपर्क असतो, ती जागा निर्जंतुक कशी असणार? कातडी सरळ रेषेत घट्ट शिवली तर जंतू आत कोंडले जातात. म्हणून काही सर्जन बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका घालून मध्ये छोटं भोक ठेवतात, त्यातून घाण बाहेर पडते. ऑस्ट्रेलियातल्या ६१ रुग्णांच्या एका चाचणीत (२०१०) बटव्याच्या टाक्याच्या गटात ३० पैकी २ जणांना संसर्ग झाला, सरळ टाक्याच्या गटात ३१ पैकी १२ जणांना.

तिसरा, नवा जोड गळणं. हे कमी वेळा होतं, पण झालं तर सगळ्यात गंभीर. बहुतेकदा पुन्हा पोट उघडावं लागतं, आणि कधी पुन्हा स्टोमाही करावा लागतो.

चौथा, त्या जागी हर्निया. पोटाच्या भिंतीतलं भोक शिवलं तरी ती जागा कच्ची राहते. हा धोका आठवड्यात दिसत नाही, महिन्या-वर्षांनी दिसतो.

सतरा टक्के आले कुठून?

मी मामीला सांगितलेला आकडा २००९ च्या एका सिस्टिमॅटिक रिव्ह्यूतला होता. त्यात ४८ अभ्यास आणि ६,१०७ रुग्ण एकत्र केले आहेत. एकूण गुंतागुंत १७.३ टक्के, मृत्यू ०.४ टक्के. लहान आतड्याचा अडथळा ७.२ टक्के, जखमेचा संसर्ग ५ टक्के. शिवाय ३.७ टक्के रुग्णांत 'छोटं' ऑपरेशन चालू असतानाच मोठा छेद घ्यावा लागला.

संदर्भ म्हणून हा आकडा चांगला आहे, सिनॉप्सिसमध्ये जरूर लिहा. पण लिहिण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. माझ्या गाईड मॅडमनी मला ते पहिल्याच प्रेझेंटेशनमध्ये विचारले होते आणि माझी बोलती बंद झाली होती.

प्रश्न पहिला: छेदात कोण आहे?

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर गुंतागुंत झालेले, खाली सगळे. हे 'सगळे' म्हणजे नेमके कोण?

स्टोमा बंद करण्याच्या अभ्यासात खाली असतात ते ज्यांचा स्टोमा बंद झाला ते. ज्यांचा कधीच झाला नाही ते या अपूर्णांकात शिरतच नाहीत. मघाच्या स्वीडिश चाचणीतल्या रुग्णांचा पुढे सहा वर्षं पाठपुरावा झाला. तेव्हा दोन्ही गट मिळून साधारण पाचातल्या एकाला कायमचा स्टोमा राहिला होता. कोणाचा जोड गळला, कोणाचा कॅन्सर पसरला, कोणाची तब्येत पुन्हा ऑपरेशन सोसण्यासारखी राहिली नाही, कोणाचा मळावर ताबा राहिला नाही.

म्हणजे जे आधीच जास्त आजारी होते ते गाळले गेले आणि उरलेल्यांवर १७.३ टक्के काढले. पहिल्या ऑपरेशनच्या आधी एखादा रुग्ण विचारतो, "ही पिशवी तात्पुरतीच ना?" तेव्हा त्याला हवा असलेला आकडा बंद करण्याच्या अभ्यासात सापडणार नाही. तो ऑपरेशनच्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांना मोजणाऱ्या अभ्यासात सापडेल.

हीच गोष्ट वेळेबाबतही. स्टोमा साधारण तीन महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा बंद करतात. केमोथेरपी असेल तर आणखी उशीर. मग लवकर बंद केला तर? डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या एका चाचणीत (२०१७) एका गटाचा स्टोमा ८ ते १३ दिवसांत बंद केला, दुसऱ्याचा १२ आठवड्यांनंतर. पहिल्या ऑपरेशनपासून वर्षभरातल्या गुंतागुंती मोजल्या. लवकरच्या गटात प्रत्येक रुग्णामागे सरासरी १.२ निघाल्या, उशिराच्या गटात २.९.

हे वाचून "मग सगळ्यांचीच दहा दिवसांत बंद करा की!" असं वाटेल. थांबा. या चाचणीत तेच रुग्ण घेतले होते ज्यांची पहिल्या ऑपरेशननंतर तब्येत सुरळीत होती आणि ज्यांचा जोड तपासून ठीक आढळला होता. टायफॉईडच्या भोकातून पोटभर पू घेऊन आलेला, वजन उतरलेला, रक्त कमी असलेला आपला रुग्ण त्या छेदात नाही. तो आकडा त्याला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं.

या चाचणीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी मोजणी बंद करण्याच्या दिवसापासून केली नाही, पहिल्या ऑपरेशनपासून केली. त्यामुळे पिशवीसोबत जगतानाचे त्रासही हिशेबात आले. आणि ते कमी नसतात. पिशवीतून पाणी जास्त गेलं की अंगातलं पाणी आणि क्षार कमी होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. पिशवी गळली की कातडी सोलवटते. मामा त्या पाच महिन्यांत एकदाही एसटीनं प्रवास करून कुठे गेला नाही. थांबण्यालाही किंमत असते, पण बंद करण्याच्या दिवसापासून मोजायला लागलात तर ती किंमत दिसतच नाही.

प्रश्न दुसरा: 'गुंतागुंत' कशाला म्हटलं?

समजा, ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी रुग्णाला दोनदा उलटी झाली. राईल्स ट्यूब घातली, दोन दिवसांत पोट बसलं, घरी गेला. ही गुंतागुंत की नेहमीचा प्रवास? एक पेपर याला इलियस म्हणेल, दुसरा काहीच म्हणणार नाही. किती दिवस गॅस न गेल्यावर इलियस म्हणायचं, हे प्रत्येकाचं वेगळं. 'लहान आतड्याचा अडथळा' या रकान्यात काही जण सुस्त आतडंही टाकतात, काही फक्त खरोखर अडलेलं.

हा गोंधळ कमी करण्यासाठी २००४ पासून क्लाव्हिएन-डिंडो वर्गवारी वापरतात. तिची युक्ती साधी आहे. गुंतागुंतीचं नाव काय हे बाजूला ठेवायचं, ती निस्तरायला काय करावं लागलं ते बघायचं. खास काही करावं लागलं नाही तर पहिली पायरी. वेगळी औषधं, रक्त किंवा शिरेतून पोषण लागलं तर दुसरी. ऑपरेशन, दुर्बीण किंवा सोनोग्राफीच्या मदतीनं नळी घालणं असं काही लागलं तर तिसरी. आयसीयू लागण्याइतका अवयव बिघडला तर चौथी. मृत्यू पाचवी.

'१७ टक्के गुंतागुंत' यात पलंगाशेजारी दोन टाके काढून पू सोडलेला रुग्णही असतो आणि जोड सुटून आयसीयूत गेलेलाही. दोघांची बेरीज करून आलेला आकडा दोघांबद्दलही फारसं सांगत नाही. तुमच्या थिसिसमध्ये निदान 'तिसरी पायरी आणि वर' असा वेगळा रकाना ठेवा. आणि व्याख्या पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून ठेवा, नंतर नाही. नंतर लिहिलेली व्याख्या आपल्याला हव्या त्या उत्तराकडे नकळत सरकते. हे मी स्वतःच्या पायलट स्टडीत केलेलं आहे, म्हणून सांगते.

याच प्रश्नाला जोडून एक उपप्रश्न: 'फरक नाही' म्हणजे काय? आतडं हातानं शिवावं की स्टेपलरनं, यावर जर्मनीत ३३७ रुग्णांची चाचणी झाली (२०१२). तीस दिवसांत अडथळा स्टेपलर गटात १०.३ टक्के, हातच्या टाक्यांत १६.६ टक्के. पी व्हॅल्यू ०.१०, म्हणजे संख्याशास्त्राच्या रूढ उंबरठ्याच्या बाहेर. बरेच विद्यार्थी इथे लिहितात, 'दोन्ही पद्धती समान आहेत.' चूक. चाचणीला फरक सिद्ध करता आला नाही, एवढंच तिथे म्हणता येतं. पुढे अशा चार चाचण्या एकत्र केल्या तेव्हा स्टेपलर गटात अडथळा कमी असल्याचं दिसलं. पुरावा मिळाला नाही म्हणून गोष्टच नाही असं ठरत नाही.

उलटंही घडतं. आतडं सुस्तावू नये म्हणून ऑपरेशनच्या आधी काही दिवस रिकाम्या भागात द्रव सोडून त्याला 'व्यायाम' द्यायचा, अशी एक कल्पना आहे. २०१४ मध्ये स्पेनमधल्या ७० रुग्णांच्या चाचणीत इलियस २० टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या आत आला. कल्पनाही पटण्यासारखी आहे. पुढे कॅनडात अनेक केंद्रांवर हेच करून पाहिलं, तेव्हा तसा ठळक फायदा दिसला नाही. वर मी सांगितलेली बटव्याच्या टाक्याची चाचणीही ६१ जणांचीच होती, हे आता आठवा. दिशा खरी असू शकते, पण २ विरुद्ध १२ एवढी दरी मोठ्या चाचणीत टिकेलच असं धरू नका. छोट्या चाचणीतला डोळे दिपवणारा फरक पाहिला की आनंद जरूर होऊ द्या, पण सिनॉप्सिसमध्ये 'सिद्ध झाले आहे' लिहायची घाई करू नका.

प्रश्न तिसरा: कधीपर्यंत मोजलं?

ऑपरेशनचे बहुतेक अभ्यास ३० दिवसांवर थांबतात. अडथळा, पू, गळती यांच्यासाठी ते ठीक आहे. हर्नियाला मात्र ३० दिवसांची खिडकी म्हणजे पेरणीनंतर आठवड्यानं कणीस शोधण्यासारखं आहे.

ब्रिटन, डेन्मार्क आणि नेदरलँड्समधल्या ३७ रुग्णालयांत ७९० रुग्णांची एक मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली. स्टोमा बंद करताना एका गटात भिंतीला जैविक जाळीचा आधार दिला, दुसऱ्यात नेहमीसारखं शिवलं. दोन वर्षांनी हातानं तपासून समजण्याजोगा हर्निया जाळी असलेल्यांत १२ टक्के, नसलेल्यांत २० टक्के. जाळी वापरावी का, किंमत परवडते का, हा वेगळा वाद आहे. मला इथे दाखवायचं आहे ते दुसरंच. नेहमीच्या पद्धतीनं शिवलेल्या पाचातल्या एकाला दोन वर्षांत हर्निया दिसला. तीस दिवसांच्या तक्त्यात हा माणूस 'गुंतागुंत नाही' या रकान्यात हसतमुखानं उभा असतो.

आपल्या रेकॉर्ड रूमचा विचार करा. रुग्ण दोन जिल्हे ओलांडून मेडिकल कॉलेजला येतो, पिशवी बंद होते, टाके काढून जातो. दीड वर्षानं हर्निया फुगतो तेव्हा तो तालुक्याच्या डॉक्टरांकडे जातो. तुमच्या रजिस्टरमध्ये हर्निया शून्य. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिता, 'आमच्या केंद्रात हर्नियाचे प्रमाण शून्य टक्के.' खोटं कोणीच बोललेलं नसतं, आणि तरी आकडा खोटा असतो.

आणि मामाचं काय झालं?

मामाचं ऑपरेशन सुरळीत झालं. पाचव्या दिवशी गॅस गेला, आठव्या दिवशी घरी आला. पू नाही, गळती नाही, पुन्हा ऑपरेशन नाही. मी आकडा सांगितलेल्या शंभरातल्या त्र्याऐंशींमध्ये मामा बसला. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

दोन महिन्यांनी मामीचा पुन्हा फोन. "अगं, हे दिवसातून दहा-बारा वेळा जातात. एकदा जाऊन आले की दहा मिनिटांत परत. रानात जायचं सोडलंय. मागच्या आठवड्यात लग्नाला नाही म्हणाले. पिशवी होती तेव्हा बरं होतं म्हणतात."

मी पुन्हा पेपर उघडले, आणि या वेळी दुसऱ्या दिशेनं शोधलं. गुदाशय हा मळ साठवण्याचा हौद. तो काढला की साठवणच कमी होते. वर स्टोमामुळे मोठं आतडं महिनोन्महिने रिकामं असतं. मळच येत नसल्यामुळे तिथले जिवाणू आतड्याच्या अस्तराला लागणारी मेदाम्लं बनवत नाहीत आणि अस्तराला सूज येते. ही सूज १९८१ पासून माहीत आहे. या सगळ्यानंतर वारंवार जावं लागणं, थोडं थोडं अनेकदा होणं, घाई आवरता न येणं, गॅस किंवा पातळ मळ नकळत जाणं, अशा तक्रारींचा जो संच दिसतो त्याला लो अँटिरिअर रिसेक्शन सिंड्रोम म्हणतात. त्याचं इंग्रजी लघुरूप 'लार्स'. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये तो मोजायला पाच प्रश्नांची फूटपट्टी तयार केली. गुण ० ते ४२, आणि ३० किंवा त्याहून जास्त झाले तर त्रास तीव्र. मामाला मी फोनवर ते पाच प्रश्न विचारले. तीव्र गटात आला.

हा त्रास नवीन नव्हता, दुर्मीळही नव्हता. तो मी शोधलेल्या रकान्यात नव्हता, एवढंच. तांत्रिकदृष्ट्या ती स्टोमा बंद करण्याची 'गुंतागुंत' नाहीच. मुळात तो पहिल्या ऑपरेशनचा परिणाम, पिशवी होती तोवर झाकलेला, पिशवी गेल्यावर उघडा पडलेला. म्हणून बंद करण्याचे पेपर तो मोजत नाहीत. पण रुग्णाच्या दृष्टीनं दिवस तोच, ऑपरेशन तेच. मामीनं 'धोका किती' विचारलं तेव्हा तिला विचारायचं होतं की 'हे परत आधीसारखे होतील का?' मी उत्तर दिलं ते वेगळ्याच प्रश्नाचं.

लार्सवर उपाय असतात. आहारात बदल, जुलाब आवरणारी औषधं, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, गुदद्वारातून पाणी घेऊन आतडं धुणं. मामाला सर्जननी यातले काही सुरू केले आणि वर्षभरात बराच फरक पडला. पण ते दोन महिने त्याला वाटत होतं की आपल्यातच काहीतरी बिघडलंय. आधी सांगितलं असतं तर निदान मनाची तयारी झाली असती.

तुमच्या कामासाठी

या विषयावर किंवा अशाच कुठल्याही परिणामावर काम करणार असाल, तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा. छेदात कोण कोण आहे, आणि कोण गळालं? गुंतागुंतीची व्याख्या काय, आणि ती कधी ठरवली? मोजणी कुठल्या दिवशी सुरू, कुठल्या दिवशी बंद? आणि रुग्ण ज्याला त्रास म्हणतो, त्याला तक्त्यात जागा आहे का?

प्रत्येक वाचलेल्या पेपरसाठीही याच चार ओळी भरा. दहा पेपरांतले दहा आकडे मग भांडत नाहीत. ते दहा वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, हे दिसायला लागतं. सिनॉप्सिसमध्ये कुठला लिहायचा, या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे: तुमच्या प्रश्नाशी ज्याच्या चारही ओळी जुळतात तो. आणि कुठलाच जुळत नसेल, तर अभिनंदन, तुम्हाला रिसर्च गॅप सापडली.

खरं तर ती सापडण्यासारखी आहे. टायफॉईड किंवा क्षयामुळे केलेल्या स्टोमाचे आपल्याकडचे रुग्ण घेऊन, सहा महिने आणि वर्षाला एक फोन करून, हर्निया आणि दैनंदिन त्रास विचारणं याला महागडं यंत्र लागत नाही. एथिक्स कमिटीची परवानगी, रुग्णाची संमती, दोन फोन नंबर (एक शेजाऱ्याचा किंवा मुलाचा, कारण सिम बदलतं) आणि चिकाटी लागते.

शेवटी नेहमीचीच सूचना. मी डॉक्टर नाही, हा लेख म्हणजे उपचाराचा सल्ला नाही. घरात कोणाचा स्टोमा बंद होणार असेल तर सर्जनना जरूर भेटा. फक्त 'धोका किती?' एवढंच विचारून उठू नका. 'बंद केल्यावर पहिले सहा महिने कसे जातील?' हेही विचारा. मामीला मी आज तेच सांगितलं असतं.

तुमच्या विषयातला असा एखादा आकडा असेल, सगळे लिहितात पण छेद कोणी बघत नाही, तर मला कळवा. पुढच्या लेखात त्यातलाच एक घेऊ.